फुल टाकी

प्रेमलालला स्वस्थ बसता येत नाही, हे तो रिटायर होऊन गावी आला आणि आठवड्याभरात साऱ्या गावाला कळून चुकलं. सकाळी तो पारावर, लगेच शेताच्या बांधावर, तिथून किराण्याच्या दुकानात, दुकानातून परत घरी. घरी येऊन तरी काय, तर दाराची कडी का करकरते ते बघ, नळाचा वायसर बदल, चांगल्या चालत्या पंख्याला तेल घाल. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत आयुष्यभर डंपर चालवलेला माणूस तो. बुडाखाली इंजिन थरथरत असलं म्हणजेच आपण काहीतरी करतो आहोत असं त्याला वाटायचं. आता बुडाखाली खाट होती, आणि खाट काही थरथरत नव्हती.

त्याची बायको दुर्गाबाई त्याला याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. दुखणं नेमकं तेच होतं. इतकी वर्षं ती खैरलांजीकडच्या या गावात एकटी राहिली. धानाची रोवणी-कापणी तिनं केली, पोरगी रूपाली तिनं वाढवली, आणि हा सुट्टीत चार दिवस यायचा तेव्हा त्याला ताटलीत ठेवून पाण्याचा पेला द्यायची. रिटायर झाल्यावरही पेला ताटलीतच येत राहिला. पहिली गरम पोळी त्याला. "अजून घेता का?" म्हणून आग्रह. त्यानं बादली उचलली की ती हातातून काढून घ्यायची, "राहू द्या, मी करतो." सुरुवातीला प्रेमलालला हे फार गोड वाटलं. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की आपली बायको आपल्याला सोयऱ्यासारखं वागवते आहे, आणि सोयऱ्याला कधीतरी जायचं असतं. तेव्हापासून त्याची चुळबुळ दुप्पट झाली.

तसा तो रिकाम्या हातानं आलेला नव्हता. एक टेम्पो भरून आणला होता त्यानं. दोन दरवाज्यांचा फ्रीज, कूलर, काचेचं कपाट आणि एक मरून रंगाचा सोफा, ज्यावर गावातली सात माणसं बसू शकली असती, बसली मात्र कोणीच नाही. मधल्या खोलीत हे सगळं लागलं आणि खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या खोलीत आधी दुर्गाबाईचं मधमाश्यांचं सामान असायचं. लाकडी चौकटी, तार, जाळीची टोपी, धुराचा डबा. ते गोठ्यात गेलं. दुर्गाबाई "बरं" म्हणाली आणि स्वतः उचलून नेऊन ठेवलं.

मधमाश्या तिच्या होत्या. सातेरी जातीच्या, परसात बोरीच्या सावलीला ओळीनं मांडलेल्या आठ पेट्या. मागल्या पावसाळ्यात त्यांना रोग लागला, अळ्या पोळ्याच्या घरांतच सडल्या आणि एकामागून एक सात पेट्या बसल्या. एक राहिली. त्या पेटीतल्या माश्या आजारी अळी दिसली की स्वतःच ओढून बाहेर टाकायच्या, म्हणून त्या वाचल्या. पण त्यांची राणी आता म्हातारी झाली होती. पंखांच्या कडा फाटल्या होत्या आणि ती पोळ्यावरून थांबत थांबत चालायची. हा उन्हाळा काही ती काढत नाही, असं दुर्गाबाईचं मत होतं. तिच्यामागे तिच्याच पोटची राणी तयार झाली, तर हे वाण टिकणार. नाहीतर परसात नुसती बोर उरणार.

फाल्गुन लागला, पळस पेटले आणि माश्यांनी आपणहून राणीची कुपी बांधली, शेंगदाण्याच्या शेंगेएवढी, मेणाची. कुपी पिकत आली तशी दुर्गाबाईनं ती कापून घेतली आणि एक छोटी पेटी तयार केली. साध्या पेटीच्या निम्मी. आत तीन बुटक्या चौकटी, मागे एक कप्पा खाण्यासाठी, त्याला वेगळं झाकण. कुपी तिनं मधल्या चौकटीला चिकटवली आणि मोठ्या पेटीतल्या कोवळ्या माश्या वाटीभर झटकून आत घेतल्या. तरुण राणी इथं जन्मायची, इथून उडून नरांना भेटून यायची, आणि परत येऊन अंडी घालायची, एवढ्यासाठी हा सगळा संसार. मग ती ओट्यावर पिठीसाखर आणि मध मळायला बसली. पुरणासारखा घट्ट गोळा झाला. प्रेमलाल शेजारी उभा राहून या पायावरून त्या पायावर होत होता.

"पाकच काहून नाही करत? लवकर होईन."

"छोट्या पेटीत पाक नाही देत. त्याच्या वासानं मोठ्या पेटीतल्या माश्या येतात लुटाले. झगडा होते, राणी मरते. अन् दुसरं म्हंजे..."

तेवढ्यात फोन वाजला. जावयाचा होता, गोंदियाहून. रूपालीचे दिवस भरायला अवकाश होता, पण डॉक्टरांनी आजच दवाखान्यात भरती करून घेतलं होतं. दुर्गाबाईचे हात साखरेनं माखलेले, तशीच ती उठली. दुसरं कारण काय होतं ते पिठीसाखरेच्या परातीत राहून गेलं.

प्रेमलालनं तिला मोटरसायकलवरून खैरलांजीला बसवर सोडलं. सगळा रस्ता ती त्याच्या कानात सांगत होती. पेटीचं तोंड बंद आहे, तीन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवायची. मग संध्याकाळी बाहेर मांडायची आणि तोंड उघडायचं, एकच माशी जाईल एवढंच. मागचं झाकण उघडून गोळा आहे का बघायचं, संपला तर लिंबाएवढा दुसरा ठेवायचा. समोरचा भाग मुळीच खोलायचा नाही. मी सांगेन तेव्हाच. बस आली. पायरीवर चढता चढता ती वळली.

"घराकडं नाही पाह्यलं तरी चालते. पेटीकडं मात्र पाहा. तुमच्यावर सोडून जाऊन राह्यली मी."

बस निघून गेली आणि प्रेमलाल स्टँडवर उभाच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ही बाई पहिल्यांदा त्याच्यावर काहीतरी सोडून गेली होती. त्याला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. घरी परतताना त्यानं मोटरसायकल नेहमीपेक्षा जोरात हाणली, जणू पेटी तेवढ्यात कुठं चालली होती.

ते तीन दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. अंधाऱ्या खोलीत जाऊन तो पेटीला कान लावायचा. आत एकसारखी गुणगुण चालू असायची, आणि ती ऐकली की त्याला बरं वाटायचं, कारण ते इंजिनसारखंच होतं, चालू आहे तोवर सगळं ठीक. मग बाहेर यायचा, आणि ओट्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच बंद तर पडलं नसेल ना, म्हणून परत आत. तिसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर त्यानं पेटी बाहेर मांडली. मुंग्या चढू नयेत म्हणून तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि एक माशी जाईल एवढीच फट उघडली. मागचं झाकण वर करून पाहिलं. गोळा होता. अर्धा खाल्लेला, आणि फाल्गुनाच्या कोरड्या वाऱ्यानं दगड झालेला. चार-पाच माश्या त्यावर तोंड घासत होत्या.

हे म्हणजे माणसाला वाळली भाकर द्यायची आणि पाणी विचारायचं नाही. त्यानं दुसरा गोळा ठेवला. सकाळी पाहिलं तर तोही वरून टणक. शेजारचा चैतराम कंपाउंडपाशी येऊन बघत होता. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळून झाडून तो परतत होता आणि अंगाला धुराचा वास येत होता.

"काय करून राह्यला भाऊ? माश्यायले जेवू घालून राह्यला का?"

"उपाशी हायेत रे."

"त्या का उपाशी राहतीन? पळस फुलला हाये सगळीकडं."

पण प्रेमलालचं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात खाणीतला एक नियम घोळत होता. शिफ्ट संपली की डंपर पुढच्या माणसाला द्यायचा तो टाकी फुल करूनच. अर्ध्या टाकीवर चावी सोपवणारे ड्रायव्हर होते, आणि त्यांची चहाच्या टपरीवर काय इज्जत होती तेही त्यानं पाहिलं होतं. त्यानं स्वतः कधी, अगदी ताप अंगात असतानाही, अर्ध्या टाकीवर गाडी सोडली नाही. पावसाळ्यात, खाणीच्या तळाशी चिखल असतानाही नाही. हीच एक गोष्ट होती जिच्याबद्दल त्याला स्वतःचा खराखुरा अभिमान होता.

आता पेटी त्याच्या हातात होती. दुर्गाबाई परत येईल तेव्हा ती अर्ध्या टाकीवर मिळावी, हे त्याला झेपणारं नव्हतं.

पाक द्यायचा नाही म्हणाली होती, मान्य. पण का नाही? लुटालूट होते म्हणून. मग लुटायला येणाऱ्या माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना दिला तर? दारही एवढंसं. प्रेमलालला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. त्यानं साखर पाण्यात विरघळवली, थंड केली, बशीत ओतली, माशी बुडू नये म्हणून त्यात धानाच्या तणसाच्या काड्या तरंगत ठेवल्या, आणि अंधार पडता पडता बशी मागच्या कप्प्यात सरकवून झाकण लावलं. सकाळी झाकण उघडलं तर बशी कोरडी ठक्क. चाटूनपुसून.

"बाप्पा!" तो मोठ्यानं म्हणाला. "किती भूक लागली होती यायले!"

त्या दिवशी कप्पाभर पाक गेला. सकाळी परत कोरडा. मग रोजच. कुठं मारामारी नाही, मेलेली माशी नाही, मुंगी नाही. दुकानदारानं दुसऱ्यांदा साखर मोजताना विचारलं, घरी लग्न आहे का? प्रेमलाल नुसता हसला. समोरच्या भागाला त्यानं हात लावला नाही. दुर्गाबाईचा शब्द तो अक्षरशः पाळत होता, आणि रात्री निजताना त्याला आपण फार शहाण्यासारखे वागलो असं वाटत होतं.

दुर्गाबाईचा फोन दिवसातून एकदा यायचा. मागे दवाखान्याचा गलका.

"पेटी बरी हाये ना?"

"एकदम. टाकी फुल हाये."

"काय?"

"काही नाही. बरी हाये. रूपाली?"

"कळा येऊन राह्यल्या. डॉक्टरीणबाई थांबा म्हनते."

एका दुपारी तो फोन अवेळी आला. मुलगी झाली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप. प्रेमलाल खाटेवरून उठला, परत बसला, परत उठला. रूपाली झाली तेव्हा तो मलाजखंडला सेकंड शिफ्टला होता, आणि त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर कोणीतरी सांगितलं होतं.

"मी निघतो आता. मोटरसायकलनं येतो."

"नका येऊ. पेटी कोन पाहीन? हेच दिवस हायेत राणीचे." थोडं थांबून ती म्हणाली, "फोटो धाडाले सांगतो जावयाले."

नातीचा चेहरा त्यानं मोबाइलवर पाहिला. लालबुंद, मिटलेले डोळे, मुठी आवळलेल्या. त्याचा जीव गोंदियाला आणि पाय बोरीखाली. नाही म्हणाली म्हणून वाईट वाटलं, आणि पेटी आपल्याशिवाय कोण पाहील असं म्हणाली म्हणून छाती फुगली, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी सोसत बसणं त्याला जमेना, तेव्हा त्यानं उठून पुन्हा पाक केला.

राणी त्याला दिसली ती दुसऱ्या दिवशी भर दुपारी. ऊन तापलं होतं. फटीतून आधी दोन माश्या निघाल्या, मग एक लांबोडकी काळपट माशी, इतरांपेक्षा मोठी. ती फळीवर घुटमळली, पेटीकडे तोंड करून हवेत डुलली, आणि वर, बोरीच्या शेंड्यावरून दिसेनाशी झाली. प्रेमलालनं श्वास रोखला. आयुष्यात पहिल्यांदा तो हालला नाही. चैतराम मोहाची टोपली घेऊन बोलत बोलत आला, तर त्यानं दोन्ही हातांनी त्याला गप्प केलं. चिमण्या, कोतवाल, चतुर, आभाळात उडणारी प्रत्येक वस्तू त्याला राणीची वैरी वाटायला लागली. आणि मग ती आली. जड, तिरकी, शेपटाशी बारीक पांढरा धागा लोंबत असलेली. तो धागा असला म्हणजे नर भेटले, असं दुर्गाबाईनं सांगितलं होतं. राणी फटीतून आत शिरली आणि प्रेमलालच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या पोरीच्या लग्नात तो रडला नव्हता, कारण तेव्हा मंडपवाल्याशी भांडत होता.

त्या संध्याकाळी खुशीनं त्यानं दोन बशा पाक दिला.

चार-सहा दिवसांनी दुर्गाबाई म्हणाली, आता पाहा. सकाळच्या उन्हात, पाठीशी सूर्य घेऊन, मधली चौकट हळूच वर घ्यायची आणि घरांच्या तळाशी बघायचं. तांदळाच्या कणीहून बारीक, उभी अंडी दिसतील. प्रेमलालनं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, आणि समोरचं झाकण पहिल्यांदा उघडलं.

चौकट हाताला जड लागली. उन्हात धरली तर सगळी चमकत होती. घराघरांत काठोकाठ पाक. वरच्या ओळींवर माश्यांनी मेणाची झाकणंही लावायला घेतली होती. त्यानं दुसरी चौकट काढली. तीही तशीच. तिसरी तशीच. एक घर रिकामं नव्हतं. आणि त्या चकचकीत पोळ्यावरून राणी फिरत होती. एका घरात डोकं घालायची, काढायची, पुढं. दुसऱ्यात घालायची, काढायची, पुढं. पोट टरारलेलं, आणि सगळं भरलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालत होती, वळत होती, परत चालत होती, आणि टेकायला जागा कुठंच नव्हती.

प्रेमलालला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. रोज रात्री कोरडी होणारी बशी भुकेनं कोरडी होत नव्हती. तो देत होता, त्या साठवत होत्या, आणि ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून राणीच्या घरांत साठवत होत्या. परातीत राहून गेलेलं दुसरं कारण ते हेच. त्यानं चौकटी परत ठेवल्या आणि तो मधल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. सोफा, कपाट, फ्रीज, कूलर. भिंतीपासून भिंतीपर्यंत. इतकी वर्षं आपण हेच करत आलो, त्याच्या मनात आलं, आणि तिनं दर वेळी नुसतं "बरं" म्हटलं.

त्यानं फोन लावला.

"अंडे नाही," तो म्हणाला. "जागाच नाही. सगळा पाक भरला हाये."

"पाक देल्ला का तुमी?"

"हौ."

"किती?"

"रोज. भरून भरून."

मग दुर्गाबाईचा आवाज आला, शांत, मऊ, नेहमीसारखा. "बरं. राहू द्या. तुमाले मालूम नोतं. तुमी आराम करा, मी आल्यावर पाहीन."

"तू येईपर्यंत माश्या पळून जातीन."

"गेल्या तं गेल्या. तुमी नका मनाले लावून घेऊ."

आणि इथं प्रेमलालचा तोल गेला. डंपरच्या खाली माणूस आला असता तरी तो असा ओरडला नसता.

"अवं, शिव्या दे ना मले! सोयऱ्यासारखी काहून बोलून राह्यली? माहंच घर हाये का नाही हे? मी सत्यानाश केला तुह्या पेटीचा, अन् तू मले आराम करा म्हनतं?"

कंपाउंडपलीकडे चैतराम टोपली घेऊन थिजला. फोनमध्ये कोणीतरी लांब श्वास घेतला. आणि मग दुर्गाबाई सुटली.

"डोकं हाये का खोकं हाये तुमचं? सांगतलं होतं ना पाक नाही द्यायचा? एक गोष्ट सांगतली होती, एक! जिंदगीभर जे आनलं ते भरत गेले, घर भरलं, खोली भरली, माह्यं सामान गोठ्यात टाकलं, कोनाले विचारलं का? आता माश्यायलेही सोडलं नाही!" मागे कोणीतरी तिला हळू बोला म्हणत होतं. "नाही बोलत हळू! आयका आता. कागद नका शोधू, नुसतं आयका!"

आणि तिनं सांगितलं. दोन भरलेल्या चौकटी मोठ्या पेटीत कडेला लावायच्या, तिथल्या माश्या खातील. मोठ्या पेटीतल्या एखाद्या रिकाम्या पोळ्याचा तुकडा कापून रिकाम्या छोट्या चौकटीत बसवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचा, घट्ट नाही, ढिला नाही. मग झाकण लावायचं. आणि नंतर काहीच नाही. गोळा नाही, पाक नाही, पाहणं नाही.

"समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं?"

"काहीच नाही करायचं."

"हौ," म्हणून तिनं फोन आपटला.

प्रेमलालच्या अंगावरून गार वारं गेल्यासारखं झालं. लग्नापासून ती त्याच्यावर असं कधी ओरडली नव्हती. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत होतं ते हलकं. सुतळीनं आवळलेलं पोतं कोणीतरी सोडावं तसं.

काम त्यानं केलं. मोठी पेटी खोलताना भुवईवर एक डंख बसला आणि मानेवर दोन. तरी त्यानं पोळं कापलं, सोपटानं बांधलं, सोडलं, परत बांधलं. म्हातारी राणी त्याला ओझरती दिसली, फाटक्या पंखांची, एका कोपऱ्यात. "थांब वो बाई जराशी," तो तिला म्हणाला. छोटी पेटी बंद केली, आणि मागच्या कप्प्यातली बशी धुऊन स्वयंपाकघरात पालथी घातली.

मग सुरू झालं ते खरं कठीण. काहीच नाही करायचं. खाणीत सायरन झाला की माणसं थांबत, सुरुंग उडाला की परत कामाला लागत. इथं नुसता थांबायचा सायरन झाला होता आणि पुढचा आवाजच नव्हता. सकाळी तो उठायचा आणि पाय बोरीकडे निघायचे. अर्ध्यातून तो स्वतःला वळवायचा. छोट्या पेटीच्या फळीवर माश्या जात-येत होत्या, पण जाणाऱ्या परत येत होत्या की जागा शोधायला निघाल्या होत्या, हे कळायला मार्ग नव्हता. एकदा दुपारी फळीवर पुष्कळ माश्या गोळा झाल्या आणि त्याला वाटलं, गेल्या. त्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या परत आत शिरत होत्या.

हात तर रिकामे राहीनात. शेवटी तो चैतरामला हाक मारायला गेला.

"सोफा पाहिजे का?"

चैतरामनं टोपली खाली ठेवली. "तब्येत बरी हाये ना भाऊ?"

दोघांनी मिळून सोफा दारातून आडवा-तिडवा करत काढला. दाराची चौकट खरचटली. काचेचं कपाटही गेलं, शाळेतल्या बाईंकडे. कूलर ओसरीत आला, फ्रीज स्वयंपाकघरात कसाबसा बसला. मधली खोली रिकामी झाली. प्रेमलालनं ती झाडली, शेणानं सारवायला चैतरामच्या बायकोला बोलावलं, आणि सारवण वाळल्यावर दारात उभा राहून आत पाहिलं. काहीच नव्हतं. गोठ्यातलं सामान आणून लावावं असं त्याला फार वाटलं. हात शिवशिवले. पण त्यानं एक चौकटही आणली नाही. कुठं काय ठेवायचं ते तिचं ती ठरवील.

दुर्गाबाई आली ती दिवस कलताना, जावयाच्या गाडीतून. जावई उभ्या उभ्या परतला. थकली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं, पिशवीला बाळाच्या तेलाचा वास होता. तिनं त्याच्या सुजलेल्या भुवईकडे पाहिलं. घरात शिरली. मधल्या खोलीच्या दाराशी थबकली.

"सोफा कुठं गेला?"

"चैतरामकडं."

"काहून?"

"जागा नोती," प्रेमलाल म्हणाला.

दुर्गाबाई खोलीत गेली. मधोमध उभी राहिली. मग पिशवी तिथंच जमिनीवर ठेवून सरळ परसात गेली. प्रेमलाल मागोमाग, पण बोरीपासून चार हात लांब थांबला. तिनं टोपी घातली नाही. झाकण काढलं, बांधलेल्या पोळ्याची चौकट वर घेतली, उतरत्या उन्हाकडे धरली आणि बघत राहिली. फार वेळ बघत राहिली. हातांनी काहीतरी धरावं म्हणून प्रेमलालनं बोरीची फांदी धरली आणि काटा बोटात रुतला.

"इकडं या," ती म्हणाली. "माह्ये डोये नाही काम करत. तुमी पाहा."

त्यानं चौकट हातात घेतली. वाकला. पोळ्याच्या तुकड्यात, कापलेल्या कडांपर्यंत, घराघराच्या तळाशी एकेक पांढरी बारीक काडी उभी होती. एक घर सुटलं नव्हतं. राणी खालच्या कोपऱ्यात होती. एका घरात तिनं डोकं घातलं, काढलं, मग वळून शेपूट आत घातलं आणि थांबली. पहिल्यांदा ती थांबलेली त्यानं पाहिली.

"हायेत," तो म्हणाला. आवाज फाटला. "लय हायेत वं."

"मंग ठेवा हळूच. रडू नका, पोळ्यावर पानी पडीन."

त्यानं चौकट ठेवली, झाकण लावलं. दुर्गाबाई नळाकडे हातपाय धुवायला निघाली होती. चालता चालता मागे न बघता तिनं सांगितलं, "दोन कप चहा ठेवा. साखर कमी टाका."

प्रेमलाल धावतच स्वयंपाकघरात गेला. पातेलं सापडलं, दूध सापडलं. पण चहापत्ती कुठं असते ते त्याला माहीत नव्हतं. या घरात त्यानं कधी चहा केलाच नव्हता. तीन डबे उघडून झाल्यावर त्यानं खिडकीतून विचारलं.

"डोये हायेत का नाही तुमाले?" परसातून दुर्गाबाई ओरडली. "समोरच तं हाये, साखरेच्या मागं!"

तिथंच होती.